समुद्रकिनारी बायबलाची झडती घेणारे विष्णुबोवा ब्रह्मचारी



धर्मग्रंथ खरा की खोटा, हा प्रश्न माणूस बहुधा दुसऱ्याच्या ग्रंथाबद्दल विचारतो. स्वतःच्या ग्रंथाची पाळी आली की त्याची जीभ टाळ्याला चिकटते. आज ज्यांचे चरित्र आपणापुढे ठेवीत आहे, त्या विष्णुबोवा ब्रह्मचाऱ्यांनी हा प्रश्न भर समुद्रकिनाऱ्यावर, हजारोंच्या नाही तरी शेकडोंच्या गर्दीपुढे ख्रिस्ती मिशनऱ्यांना विचारला. ते आपल्याच मुलखातले. महाड-पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांतून हे पाक्षिक वाचणाऱ्या आपणापैकी कित्येकांना त्यांचे नावही ठाऊक नसेल. ठाऊक असेल त्यांना ते वैदिक धर्माचे कैवारी म्हणूनच ठाऊक असेल. मग धम्माच्या पाक्षिकात त्यांचे काय काम, असे कोणी विचारील. शेवटपर्यंत वाचा, मग ठरवा.

सावित्री नदी महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते, पोलादपुरावरून महाडास येते आणि बाणकोटाशी समुद्राला मिळते. बाणकोटचा किल्ला १७५६ पासून इंग्रजांच्या ताब्यात होता. याच बाणकोटास १८२३ साली स्कॉटलंडच्या मिशनऱ्यांनी कोकणातले आपले पहिले ठाणे घातले. त्यांनी मराठी शिकून घेतली, शाळा काढल्या. म्हणजे नदीच्या उगमाकडे ब्राह्मणांचे क्षेत्र आणि मुखाकडे पाद्र्यांची शाळा, अशी त्या वेळी या खोऱ्याची अवस्था होती. मधल्या महाडात बाजारपेठ होती आणि गंधारपाल्याच्या डोंगरात शेकडो वर्षांपूर्वी कोरलेली बौद्ध लेणी रिकामी पडली होती.

महाडाच्या उत्तरेस माणगाव तालुका. त्यातल्या शिरवली गावी २० जुलै १८२५ रोजी विष्णु भिकाजी गोखले यांचा जन्म झाला. जिल्हा पूर्वीचा कुलाबा, १९८१ पासूनचा रायगड. घराणे चित्पावन ब्राह्मणाचे, पण घरात पैसा नव्हता. विष्णु पाच वर्षांचा असताना बाप वारला. शिक्षण जेमतेम. पोटासाठी या मुलाने किराणा दुकानात काम केले, पुढे सरकारी जकात खात्यात नोकरी धरली. जकातीच्या नाक्यावर येणाऱ्या मालाची गाठोडी सोडून पाहावयाची, सांगितलेला माल आणि आतला माल एकच आहे की नाही याची खात्री करावयाची, हे त्या खात्याचे काम. पुढे बोवांनी पाद्र्यांच्या गाठोड्याशी तेच केले.

विशी ओलांडल्यावर त्यांचे मन संसारातून उडाले. लग्न केले नाही. नोकरी सोडून ते नाशकाकडच्या सप्तशृंगीच्या डोंगरावर जाऊन राहिले, तेथे साधना केली. आपणास साक्षात्कार झाला असे त्यांचे म्हणणे. साक्षात्कार ही गोष्ट दुसऱ्याला तपासता येत नाही, म्हणून ती आपण बाजूस ठेवू. डोंगरावरून उतरल्यानंतर ते गावोगाव फिरून वैदिक धर्मावर व्याख्याने देऊ लागले आणि १८५६ साली मुंबईत आले. त्याच वर्षी त्यांचा ‘भावार्थसिंधु’ हा ग्रंथ छापून निघाला.

मुंबईत त्या वेळी वातावरण तापलेले होते. १८३९ साली दोन पारशी तरुण ख्रिस्ती झाले, तेव्हा पारशी समाज कोर्टापर्यंत गेला. १८४३ साली नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहून परत आला, त्याला जातीत घ्यावयाचे की नाही यावर ब्राह्मणांतच दोन तट पडले. त्याला परत घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकर झगडले. १८५४ साली बेळगावास बाबा पदमनजींनी बाप्तिस्मा घेतला. शिकलेली मुले हातची जाऊ लागली, तेव्हा पांढरपेशा समाज हादरला.

येथे थोडे थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे. याच सुमारास अहमदनगरकडे अमेरिकन मिशनमध्ये महार आणि मांग बांधव ख्रिस्ती होत होते. त्यांच्यासाठी कोणी कोर्टात गेले नाही, कोणी शुद्धीचा खटाटोप केला नाही. ती माणसे येशूच्या वंशावळीचा हिशेब मांडून तिकडे गेली नव्हती. शाळेत मुलाला आत बसू देतात की नाही, आजाऱ्याला हात लावतात की नाही, एवढेच त्यांनी पाहिले. ग्रंथाच्या खरेखोटेपणाचा वाद करण्यासाठी आधी ग्रंथ हातात पडावा लागतो. तो ज्यांच्या हातात पडूच दिला नव्हता, त्यांना त्या वादात भाग न घेतल्याबद्दल कोण नावे ठेवणार?

बायबल मात्र मराठीत पूर्वीच आले होते. बंगालमधील श्रीरामपूर येथून विल्यम केरी यांनी १८०५ साली मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत छापले आणि १८११ साली नवा करार मोडी लिपीत काढला. मुंबईच्या अमेरिकन मिशनचा नवा करार १८२६ साली निघाला. त्यामुळे एक गोष्ट अशी झाली की ज्याला इंग्रजी येत नाही त्यालाही बायबल वाचता येऊ लागले, आणि वाचता येऊ लागल्यावर त्यातील विसंगती दाखविता येऊ लागल्या. मिशनऱ्यांनी छापखाना आणला तो प्रचारासाठी. त्याच छापखान्याने त्यांच्यावर आक्षेप घेणारेही तयार केले.

विष्णुबोवा काही पहिले नव्हेत. १८३१ साली मोरभट दांडेकर यांनी डॉ. जॉन विल्सन यांच्याशी मुंबईत वाद केला होता, आणि १८३४ च्या सुमारास साताऱ्याच्या नारायणराव नावाच्या गृहस्थांनी विल्सनला उत्तर लिहिले होते. पण त्या वादांना पंडिती वळण होते. बोवांनी वाद रस्त्यावर आणला. प्रथम ते बंदिस्त जागेत सभा घेत. गर्दी मावेना, तेव्हा सभा समुद्रकिनाऱ्यावर, बॅकबेच्या वाळवंटात भरू लागल्या. पहिली सभा १५ जानेवारी १८५७ ची, शेवटची २८ मे १८५७ ची. आठवड्यातून एकदा, गुरुवारी, लोक जमत. एका बाजूस एकतीस वर्षांचे भगव्या पंथातले बोवा, दुसऱ्या बाजूस मिशनरी, आणि भोवती मराठी, गुजराती, पारशी असा सर्व जातींचा जमाव. भाषा मराठी. मध्यंतरी १० मे रोजी मीरतेस शिपायांचे बंड झाले. त्या महिन्यात अशा गर्दीकडे इंग्रज अधिकारी कोणत्या नजरेने पाहत असतील याची कल्पना करा. महिनाअखेर सभा बंद झाल्या.

मिशनऱ्यांच्या बाजूचा मुख्य माणूस जॉर्ज बोवेन. याच्याविषयी दोन शब्द सांगणे न्यायाचे आहे. हा १८१६ साली अमेरिकेत जन्मलेला, तरुणपणी पक्का नास्तिक, गिबनचा इतिहास वाचून ख्रिस्ती धर्मावरचा विश्वास उडालेला. जिच्याशी लग्न ठरले होते ती मुलगी वारली, त्या दुःखात १८४४ साली तो पुन्हा श्रद्धेकडे वळला. १८४८ साली तो मुंबईस आला. मिशनचा पगार त्याने नाकारला, गोऱ्यांच्या वस्तीत न राहता देशी वस्तीत साध्या खोलीत राहिला आणि मरेपर्यंत मायदेशी परतला नाही. बोवांच्या वाट्याला असा प्रतिपक्षी आला होता. बायबलावर घेतले जाणारे आक्षेप बोवेनला बोवांकडून नव्याने कळावयाचे नव्हते. ते सगळे त्याने स्वतःच्या तरुणपणीच घेऊन पाहिले होते.

बोवांच्या आक्षेपांचा रोख तर्कावर होता. देव सर्वशक्तिमान आणि दयाळू असेल तर सैतान कोणी निर्माण केला? एका पुरुषाने फळ खाल्ले म्हणून त्याच्या पुढच्या सर्व पिढ्या पापी कशा? एकाच्या पापासाठी दुसऱ्याने मरावे यात न्याय कोठला? जो निराकार आहे त्याला मुलगा कसा? येशूच्या आधी जन्मून मेलेल्या असंख्य माणसांची वाट काय? आज हे प्रश्न शाळकरी पोरही विचारील. पण त्या काळी राज्यकर्त्यांच्या धर्माला राज्यकर्त्यांच्या शहरात, उघड्यावर, देशी भाषेत हे विचारणे सोपे नव्हते. या धैर्याबद्दल बोवांना मान दिलाच पाहिजे.

आता मुद्द्याची गोष्ट. बोवांनी बायबलातील देवाची झडती घेतली, पण बायबल या पुस्तकाची झडती त्यांच्या आवाक्यात नव्हती. ती त्याच काळात युरोपात चालू होती. जर्मनीत डेव्हिड स्ट्रॉसने १८३५ साली येशूचे चरित्र लिहून शुभवर्तमानांतील चमत्कार हे इतिहास नसून श्रद्धेतून वाढलेल्या कथा आहेत असे दाखविले होते. त्याचे इंग्रजी भाषांतर १८४६ साली झाले, ते पुढे जॉर्ज एलियट या नावाने प्रसिद्ध झालेल्या बाईंनी केले. १८६२ साली दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांताचे बिशप कोलेन्सो यांनी मोशेच्या पुस्तकांतील आकडे चुकीचे आहेत असे जाहीर करून इंग्लंडात खळबळ उडविली. कोलेन्सोंच्या मनात ही शंका बळावली कशाने? बायबलाचे झुलू भाषेत भाषांतर करताना त्यांच्या झुलू मदतनिसाने, जलप्रलयाची आणि नौकेची गोष्ट खरोखरच घडली काय, असे त्यांना सरळ विचारले. बिशपना खोटे बोलवेना. एका काळ्या माणसाच्या साध्या प्रश्नाने जे केले ते पंडितांच्या ग्रंथांनीही इतक्या लवकर केले नसते.

ही ऐतिहासिक तपासणी कशी असते ते थोडक्यात पाहू, कारण आपणाकडेही प्रचारक येतात आणि आपण त्यांच्याशी सौजन्याने पण माहितीने बोलले पाहिजे. येशू अरामी भाषा बोलत होता. चारही शुभवर्तमाने ग्रीक भाषेत आहेत. सर्वांत जुने मार्काचे. ते येशूच्या मृत्यूनंतर सुमारे चाळीस वर्षांनी, इ. स. ७० च्या आसपास लिहिले गेले असे बहुतेक संशोधक मानतात. मत्तय आणि लूक त्यानंतरचे, योहान शतकाच्या शेवटीचा. मूळ ग्रंथांत लेखकांनी आपली नावे लिहिलेली नाहीत. ती मागाहून जोडली गेली. मत्तयाच्या वंशावळीत योसेफाच्या बापाचे नाव याकोब, तर लूकाच्या वंशावळीत एली. मत्तय सांगतो की येशू हेरोद राजाच्या वेळी जन्मला. हेरोद इ. स. पूर्व ४ मध्ये मेला. लूक जन्माची सांगड क्विरिनियस सूरियाचा सुभेदार असतानाच्या शिरगणतीशी घालतो, आणि ती शिरगणती इ. स. ६ मधली. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाही. पहिल्या तिघांच्या मते येशूने वल्हांडण सणाचे भोजन करून मग मरण पत्करले. योहानाच्या मते तो सणाचे भोजन होण्याआधीच मेला. मार्काच्या शेवटच्या बारा ओव्या, ज्यांत मेलेला येशू उठून शिष्यांना भेटतो, त्या चौथ्या शतकातील दोन सर्वांत जुन्या संपूर्ण प्रतींत नाहीतच. त्यांतली एक प्रत सीनाय पर्वतावरच्या मठातून बाहेर आली ती १८५९ साली, म्हणजे बोवांच्या सभा संपल्यानंतर दोन वर्षांनी.

पण यावरून येशू नावाचा माणूस झालाच नाही असे म्हणणे हाही आततायीपणा होईल. पिलात या रोमन अधिकाऱ्याच्या वेळी त्याला क्रूसावर दिले, एवढे जवळजवळ सर्व इतिहासकार मान्य करतात. शंका आहे ती त्याच्याभोवती रचलेल्या चमत्कारांची. माणूस खरा आणि चमत्कार मागाहून चिकटलेले, हे आपल्या देशात घडले नाही काय?

गंमत अशी की समुद्रकिनाऱ्यावरच्या त्या सभांचा वृत्तांतही याच अडचणीत आहे. तो आपणास कळतो कशावरून? बोवेनने १८५७ सालीच इंग्रजीत पुस्तक काढले त्यावरून. बोवेन हा निवाडा करणारा पंच नव्हता, तो वादातला पक्षकार होता. मराठीत ‘समुद्रकिनारीचा वादविवाद’ हे पुस्तक निघाले ते १८७२ साली, बोवांच्या मृत्यूनंतर. छापखाना असलेल्या मुंबईत, शेकडो साक्षीदारांसमोर झालेल्या वादात कोण जिंकले हे वाचकाने आजही कोणाच्या पुस्तकावरून ठरवावे हा प्रश्नच आहे. मग गालील प्रांतातील कोळ्यांमध्ये घडलेल्या गोष्टी चाळीस वर्षांनी परक्या भाषेत लिहिल्या गेल्या, त्यांचे काय?

याच्या उलट गंधारपाल्याच्या लेण्यातील शिलालेख पाहा. कुमार काणभोज विष्णुपालित याने लेणे, चैत्यगृह, आठ खोल्या आणि पाण्याची टाकी दिली असे त्यात कोरले आहे. दान झाले तेव्हाच ते दगडावर लिहिले गेले, आणि ती टाकी आजही तेथे आहेत. इतिहासाचा पुरावा म्हणतात तो असा. अर्थात त्या कोरीव अक्षरांनीही राजपुत्राचे दान सिद्ध होते, त्याचा धर्मविचार खरा होता हे सिद्ध होत नाही. तेवढा फरक ध्यानात ठेवावा.

आता बोवांची दुसरी बाजू. पाद्र्यांच्या पुस्तकाला जो काटा लावला, तो त्यांनी वेदाला लावला काय? नाही. १८५९ साली त्यांनी ‘वेदोक्तधर्मप्रकाश’ हा मोठा ग्रंथ लिहिला. त्यात वेद हे स्वयंसिद्ध प्रमाण. ते कोणी लिहिले, केव्हा लिहिले, त्यांत परस्परविरोध आहे की नाही, हे प्रश्न बंद. वास्तविक त्यांचे स्वतःचे संस्कृत बेताचेच होते. वेदांत काय आहे याविषयी त्यांनी जे सांगितले त्यात त्यांच्या स्वतःच्या बुद्धीचा भाग पुष्कळ होता, आणि माझ्या मते तोच त्यातला चांगला भाग होता. वर्ण जन्मावर नसून गुणकर्मावर आहे, विधवांनी पुन्हा लग्न करावे, वयात आल्यावर आणि स्वतःच्या पसंतीने विवाह व्हावेत, परधर्मात गेलेल्यांना परत घ्यावे, ही मते त्यांनी मांडली. कोणत्याही जातीच्या माणसाच्या हातचे खाण्यास त्यांची हरकत नसे. सनातनी ब्राह्मण त्यांच्यावर चिडले ते यामुळे. पण ही सगळी सुधारणा त्यांनी वेदाच्या नावावर खपविली. जो वेद कानावर पडला तर शूद्राला दंड सांगितला गेला, त्याच वेदातून समतेचा आधार काढावयाचा, याला काय म्हणावे? चांगली गोष्ट स्वतःच्या पायावर उभी राहू शकते हे त्यांना पटले नाही. तिला जुन्या ग्रंथाची कुबडी पाहिजेच, असे त्यांना वाटले.

मिशनऱ्यांचेही तसेच. पुराणांतील कालगणना, देवांची भांडणे, अशक्य कथा यांवर डॉ. विल्सन यांनी कोरडे ओढले. तो काटा त्यांनी उत्पत्तीच्या पुस्तकाला लावला नाही. दोन्ही पक्षांकडे मापे दोन होती, घेताना एक आणि देताना दुसरे. वाळवंटात वीस गुरुवार वाद होऊनही एकही पक्ष हलला नाही, त्याचे कारण मला हे दिसते.

आपण मात्र दुसऱ्याकडे बोट दाखवून मोकळे होऊ नये. पाली त्रिपिटक इ. स. पूर्व पहिल्या शतकात सिंहलद्वीपात लिहून ठेवले गेले, तोवर शेकडो वर्षे ते मुखोद्गत चालले. त्यात भर पडली नसेल काय? प. पू. बाबासाहेबांनी हा प्रश्न टाळला नाही. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘दि बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच त्यांनी विचारले आहे की एकोणतीस वर्षांच्या सिद्धार्थाने त्यापूर्वी म्हातारा, आजारी आणि मृत मनुष्य पाहिलाच नव्हता हे पटण्यासारखे आहे काय. चार आर्यसत्ये मूळ उपदेशातील की मागाहूनची, कर्म आणि पुनर्जन्म यांचा आत्म्याच्या नकाराशी मेळ कसा, हेही त्यांनी विचारले. ज्या धम्मात लाखो लोकांना नेले त्याच धम्माच्या परंपरेला त्यांनी हे प्रश्न घातले. केसपुत्त गावच्या कालामांना भगवंतांनी सांगितले होते की परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून काही स्वीकारू नका. त्या उपदेशात स्वतःच्या वचनांसाठी सूट मागितलेली नाही.

बोवांच्या आयुष्याचा उरलेला भाग झटपट सांगतो, पण त्यातील एक गोष्ट विलक्षण आहे. १८६७ साली त्यांनी ‘सुखदायक राज्यप्रकरणी निबंध’ लिहिला. सगळी प्रजा एक कुटुंब. जमीन सर्वांची मिळून एक. पिकलेले धान्य गावच्या कोठारात जमा व्हावे आणि ज्याला जेवढे लागेल तेवढे त्याने न्यावे. कपडेही तसेच. मुले पाच वर्षांची झाली की त्यांच्या शिक्षणाचा भार राज्याने उचलावा. मार्क्सच्या ‘कॅपिटल’चा पहिला खंड जर्मन भाषेत निघाला तोही १८६७ सालीच. शिरवलीच्या गोखल्यांनी मार्क्सचे नावही ऐकले नसणार. कॅप्टन फेल्प्स यांनी केलेले या निबंधाचे इंग्रजी भाषांतर १८६९ साली छापले गेले. कोणी त्याकडे लक्ष दिले नाही. ग्रंथप्रामाण्याची कुबडी या निबंधात जवळजवळ सुटलेली दिसते, आणि म्हणूनच तो ‘वेदोक्तधर्मप्रकाशा’पेक्षा आज वाचण्यासारखा आहे. गरिबीत वाढलेला, किराण्याच्या दुकानात धान्य मोजलेला माणूस येथे बोलतो.

१८ फेब्रुवारी १८७१ रोजी मुंबईत विष्णुबोवा वारले. वय पुरते सेहेचाळीसही नव्हते.

बोवांनी जो प्रश्न अर्धवट सोडला तो उचलणारा माणूस महाड भागातच निघाला. महाडजवळच्या रावढळ गावचे गोपाळबाबा वलंगकर. पलटणीतून १८८६ साली निवृत्त झाले. त्यांनी पाद्र्यांना नव्हे, हिंदू धर्माच्या धुरीणांना सव्वीस प्रश्न विचारले. विटाळ कोठून आला, तो कोणत्या शास्त्राने ठरविला, असा त्यांचा रोख होता. ते पुस्तक म्हणजे ‘विटाळ विध्वंसक’. ते निघाले १८८८ साली. त्याच वर्षी, मुंबईस येऊन चाळीस वर्षे झाल्यावर, जॉर्ज बोवेन मुंबईतच मरण पावले.